बुखारेस्टचा प्रयोग आणि चोवीस महिन्यांची मर्यादा

बाल्यावस्थेत मायेस पारखी झालेली मुले पुढे प्रतिपालक कुटुंबात वाढली, तर त्यांचे मनःस्वास्थ्य कितपत सावरते, या प्रश्नाचा विचार बुखारेस्ट येथील प्रयोगाला वगळून करता येत नाही. १९६६ च्या गर्भपातबंदीनंतर रुमानियातील बालगृहे भरत गेली. तेथील दैन्य १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर जगापुढे आले. या शतकाच्या प्रारंभी नेल्सन, झीना व फॉक्स यांनी तेथील सहा संस्थांतील १३६ मुले निवडली. यादृच्छिक विभागणीने ६८ मुलांना प्रतिपालक कुटुंबे लाभली. उरलेली ६८ नेहमीच्या व्यवस्थेत राहिली.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेले मनोविकारविषयक निष्कर्ष संयत आहेत. कुटुंबात गेलेल्या मुलांत चिंता व खिन्नता यांचे प्रमाण घटले. अवधानाचे व वर्तनाचे विकार मात्र तसे घटले नाहीत. कुटुंब हा सर्व व्याधींवरील उतारा नव्हे, हे या अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदविले.

आमचा आक्षेप आहे तो त्यातून रूढ झालेल्या एका वाक्याविषयी: ‘चोवीस महिन्यांच्या आत कुटुंब मिळाले पाहिजे.’ येथे दोन विधानांची गल्लत होते. कोणते मूल कुटुंबात जावे, हे यादृच्छिक रीतीने ठरले होते. ते कोणत्या वयात जावे, हे तसे ठरले नव्हते. त्यामुळे पहिल्या विधानाला जे प्रमाण आहे, ते दुसऱ्याला नाही. शिवाय ही सीमा सर्वत्र एकच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषाविषयक निष्कर्षांत समवयस्कांची बरोबरी साधणारी मुले पंधरा महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेली होती. तेव्हा चोवीस हा आकडा दिशादर्शक होय. ती भिंत नव्हे.

हा भेद केवळ तार्किक नाही. भारतात २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने प्रतिपालनास स्थान दिले. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते प्रामुख्याने सहा वर्षांवरील मुलांसाठी आहे. वरील वाक्य भिंत म्हणून वाचले, तर ही सारी मुले आधीच हातची गेली असे ठरेल, आणि त्यांच्यावरील खर्च व्यर्थ मानावयास कार्यालयांना शास्त्राचा आधार मिळेल. ‘लवकर मिळाले तर अधिक बरे’ यातून ‘उशिरा मिळाले तर व्यर्थ’ हे निष्पन्न होत नाही. संशोधनाचा सारांश लिहिणाऱ्याने एवढे व्याकरण तरी सांभाळले पाहिजे.