‘पगार’ आणि ‘चुकारा’ : एक अर्थविचार

मराठीतील पोर्तुगीज शब्दांची चर्चा बहुधा मूळ रूपाच्या नोंदीपाशी संपते. गोमंतकीय भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाचा प्रभाव ग्रंथबद्ध केला. अशा कार्यामुळे शब्दांच्या मुळांचा शोध सुकर झाला. अर्थांचा शोध मात्र मागे राहिला. ‘पगार’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पोर्तुगीज ‘पगार’ हे ‘पैसे देणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. आणि त्याच्याही मुळाशी ‘पाक्स’, अर्थात शांतता. धनकोचे समाधान करणे या टप्प्यावरून ‘देणे फेडणे’ हा अर्थ सिद्ध झाला. स्पॅनिश ‘पगार’, इटालियन ‘पगारे’ व फ्रेंच ‘पेये’ यांत तो स्थिरावला. तथापि जुना अर्थ लोपला नाही. इटालियन ‘पागो’ म्हणजे संतुष्ट. रुमानियन भाषेत याच मुळाचे क्रियापद समेट घडविण्यासाठी योजतात. पैसे देण्यासाठी तेथे स्लाव्ह मुळाचा निराळा शब्द आहे.

मराठीने या क्रियापदाचे नाम केले व अर्थ आकुंचित केला. ‘पगार’ म्हणजे नोकरीचा नियमित मोबदला. शासनव्यवहारात ‘वेतन’ आले, तरी ‘पगारदार’, ‘बिनपगारी रजा’ हे शब्द बोलण्यात टिकून आहेत. जेथे पोर्तुगीज सत्ता कधीच पोहोचली नाही, त्या यवतमाळ जिल्ह्यातही हा शब्द घरोघरी रुळला. परंतु शेतावर त्याला स्थान नाही. तेथे मजुरी असते, सालदाराचे साल असते आणि विकलेल्या कापसाचा ‘चुकारा’ असतो.

‘चुकारा’ या शब्दात देणे चुकते करण्याची कल्पना आहे. त्याचे ‘पगार’शी ऐतिहासिक नाते नाही, परंतु ‘पाकारे’तील धनकोच्या समाधानाची कल्पना यवतमाळात ‘पगार’पेक्षा ‘चुकारा’ या शब्दात अधिक स्पष्ट दिसते. येथे शेतकरी एकाच वेळी धनको आणि ऋणको असतो. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळातही थकलेले चुकारे हा विदर्भातील तक्रारीचा विषय होता. चुकारा थकला की त्याचे स्वतःचे पीककर्जही थकते.

निष्कर्षतः, ‘पगार’मध्ये मराठीने नियमितपणाची हमी पाहिली, तर ‘चुकारा’मध्ये प्रतीक्षा साठत गेली. मूळ भाषेचे नाव नोंदवून थांबणारी व्युत्पत्ती हा भेद टिपू शकत नाही. शब्द कोठून आला याबरोबरच तो कोणाच्या वाट्याला आला, हेही अर्थविचाराने तपासले पाहिजे.