नाटकाविना नटांचा मेळा

१९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, असा तो योग होता. लोक दोन गायक नटांना एकत्र पाहावयास आले होते, हे खरेच. परंतु त्यांना जे दिसले ते खाडिलकरांचे नाटक होते. या प्रयोगानंतर आठ वर्षांनी अमेरिकेतील चित्रपटसंस्थांनी मांडलेले तारकामेळे पाहताना हा फरक मला सतत जाणवत राहिला.

१९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’नंतर बोलपटाची लाट आली आणि मूकपटांच्या काळात नावारूपाला आलेल्या प्रत्येक नटापुढे एकच प्रश्न उभा राहिला : याला बोलता येते काय? त्यावर संस्थांनी जो उपाय योजला तो म्हणजे रिव्ह्यू, अर्थात गाणी, नृत्ये व प्रहसने एकामागून एक मांडणारा, कथानक नसलेला कार्यक्रम. ब्रॉडवेच्या रंगभूमीवर झिगफेल्डच्या ‘फॉलीज’मुळे तो लोकांच्या परिचयाचा होताच. मेट्रो-गोल्डविन-मेयरने १९२९ मध्ये ‘द हॉलिवूड रिव्ह्यू’ काढला. त्याच वर्षी वॉर्नरने ‘द शो ऑफ शोज’, तर १९३० मध्ये पॅरामाउंटने ‘पॅरामाउंट ऑन परेड’ काढला. वॉर्नरच्या चित्रपटात जॉन बॅरिमोर शेक्सपियरचे स्वगत म्हणतो आणि रिन टिन टिन हा कुत्राही हजेरी लावून जातो. एवढ्यावरून या प्रकाराची कल्पना यावी.

शासकीय सेवेत असताना अनेक समारंभांचे सूत्रसंचालन माझ्या वाट्याला आले. व्यासपीठावरील प्रत्येक मान्यवराला ‘दोन शब्द’ बोलू द्यावे लागतात आणि कोणाचेही नाव गळून चालत नाही. ‘हॉलिवूड रिव्ह्यू’ पाहताना कॉनरॅड नेगल आणि जॅक बेनी या सूत्रधारांची मला मनापासून कीव आली. जोन क्रॉफर्ड गाते आणि नाचते. मेहनत दिसते, पण कॅमेरा जागचा हलत नाही. खुद्द नेगलच्या तोंडी एक गीत आहे, मात्र आवाज चार्ल्स किंगचा! पुढे पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकांना त्याचे नवल वाटू नये. परंतु ज्या चित्रपटाने नटांचा आवाज ऐकवण्यासाठीच जन्म घेतला, त्यात ही उसनवारी बोलकी आहे. ग्रेटा गार्बो तर या मेळ्यात आलीच नाही. तिचा आवाज १९३० मध्ये ‘ॲना ख्रिस्ती’त, म्हणजे एका कथेत, एका भूमिकेतून प्रथम ऐकू आला. हा निर्णय कोणाचाही असो, तो शहाणपणाचा होता.

जॉन गिल्बर्टचे तसे झाले नाही. नॉर्मा शिअररसह तो रोमिओ-ज्युलिएटचा सज्जातील प्रवेश रंगीत चित्रणात सादर करतो आणि लगेच तोच प्रवेश चालू बोलीभाषेत विनोदाने म्हणून दाखवतो. त्याचा आवाज किरटा होता म्हणून त्याची कारकीर्द बुडाली, अशी दंतकथा आहे. या चित्रपटात ऐकावे तर आवाज अगदी सर्वसाधारण आहे. दोन प्रवेशांच्या मध्ये तो सहज बोलतो तेव्हा तर गोडच वाटतो. अवघडलेपण आहे ते पाठांतरात. भूमिकेचा आधार नसताना मोठा नटही परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखा दिसतो, आणि हा दोष गळ्यावर ढकलणे अन्यायाचे आहे.

या सर्वांत कलादृष्ट्या सरस मला ‘किंग ऑफ जॅझ’ वाटतो. युनिव्हर्सलच्या या १९३० च्या चित्रपटात नटांचा मेळा नाही. पॉल व्हाइटमनचा वाद्यवृंद आणि जॉन मरे अँडरसन या दिग्दर्शकाची एकसंध दृष्टी आहे. तेव्हाच्या दोन रंगांच्या तंत्रात खरा निळा रंग उमटतच नसे. तरीही गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’साठी हिरवट-निळ्या छटेवर भागवून त्यांनी जे दृश्य उभारले, ते आजही डोळ्यांत भरते. हर्मन रॉसे याला कलादिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले ते योग्यच. तथापि शेवटच्या प्रसंगात निरनिराळ्या देशांचे संगीत एका प्रचंड कढईत ओतले जाऊन जॅझ तयार होते, असे दाखवले आहे. देश आहेत ते युरोपातले. ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी हे संगीत घडवले, त्यांना त्या कढईत स्थान नाही. आरंभी आफ्रिकेचा ओझरता उल्लेख येतो, तोही जंगल आणि ढोल यांच्यापुरता. परप्रांतात पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना, गावाच्या इतिहासातून कोणाचे नाव कसे गळते, हे वेगळे सांगावयास नको. चित्रपटाचे देखणेपण मान्य करूनही हे वगळणे मला क्षम्य वाटत नाही.

हा चित्रपट येईतो प्रेक्षक अशा संगीतपटांना विटले होते आणि तो तोट्यात गेला. ‘हॉलिवूड रिव्ह्यू’तले एक गाणे मात्र टिकले. त्याचा गीतकार आर्थर फ्रीड पुढे निर्माता झाला आणि १९५२ मध्ये त्याने त्याच गाण्याच्या नावाने ‘सिंगिंग इन द रेन’ काढला; त्याला कथा होती. मूळ चित्रपटाच्या अखेरीस सारे तारे रेनकोट घालून हे गाणे म्हणतात. त्या रांगेत बस्टर कीटन उभा आहे. संपूर्ण चित्रपटात तो एक शब्दही बोलत नाही आणि इथेही सर्वांचे ओठ हलत असताना त्याचे मिटलेले आहेत. सीडी परत करण्यापूर्वी मी तेवढा भाग पुन्हा लावून पाहिला.