दुय्यम भूमिका आणि चित्रपटाचा तोल : ‘किस ऑफ डेथ’मधील टॉमी उडो

एखाद्या दुय्यम पात्राचे काम गाजले की ‘तो नट भाव खाऊन गेला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. या उद्गारात कौतुक असते, तशी एक तक्रारही असते. जे मुख्य पात्राच्या वाट्याला यावयाचे ते दुसऱ्यानेच पळविले, असा तिचा आशय असतो. मूळ कलाकृती सुघटित असेल तर ही तक्रार रास्त ठरते. परंतु कलाकृतीच विसविशीत असेल, आणि तिच्यातील मुख्य विधान पटण्याजोगे करण्याचे काम दुय्यम पात्राच्याच अंगावर येऊन पडले असेल, तर त्या अभिनयाचे मूल्य कोणत्या मापाने मोजावयाचे? तो कथेच्या किती उपयोगी पडला, एवढे पाहून भागत नाही. तो स्वतंत्रपणे किती लक्षात राहिला, एवढे पाहूनही भागत नाही. त्या अभिनयाच्या प्रकाशात उर्वरित कलाकृतीचा अर्थ बदलतो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हेन्री हॅथवे दिग्दर्शित ‘किस ऑफ डेथ’ (१९४७) हा अमेरिकन गुन्हेगारी चित्रपट आणि त्यातील रिचर्ड विडमार्क याची टॉमी उडो ही भूमिका या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष सोयीची आहेत.

ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या संस्थेचा हा चित्रपट एलिझर लिप्स्की याच्या कथेवरून बेन हेक्ट आणि चार्ल्स लेडरर यांनी लिहिला. महायुद्धाच्या अखेरीस हॉलिवूडमध्ये वृत्तपटाच्या धर्तीवर गुन्हेगारीचे व हेरगिरीचे चित्रपट काढण्याचा जो प्रघात पडला, त्यात हॅथवे अग्रेसर होता. त्याचा ‘द हाऊस ऑन नाइन्टीसेकंड स्ट्रीट’ (१९४५) हा त्या प्रघाताचा आरंभीचा नमुना होय. ‘किस ऑफ डेथ’चे चित्रणही कलागाराच्या कृत्रिम भिंती टाळून न्यूयॉर्क राज्यातील प्रत्यक्ष स्थळी करण्यात आले. तुरुंग, न्यायालय, क्रायस्लर इमारतीतील लिफ्ट, सामान्य वस्तीतील घरे यांचा खरेपणा नॉर्बर्ट ब्रॉडीनच्या छायाचित्रणात उतरला आहे.

कथानक थोडक्यात असे : निक बियांको हा पूर्वी शिक्षा भोगलेला गुन्हेगार काम मिळत नाही म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी साथीदारांसह जवाहिऱ्याच्या पेढीवर दरोडा घालतो आणि एकटाच पकडला जातो. साथीदारांची नावे सांगितल्यास सवलत देऊ, असे सहायक सरकारी वकील डि’अँजेलो सांगतो. पण बायकोमुलांची काळजी टोळी घेईल या भरवशावर निक गप्प राहतो. तुरुंगात असताना पत्नीने आत्महत्या केल्याचे आणि दोन्ही मुली अनाथाश्रमात गेल्याचे त्याला कळते. मग तो बोलावयास तयार होतो. पॅरोलवर सुटून नेटी नावाच्या तरुणीशी तो नवा संसार मांडतो. परंतु डि’अँजेलो त्याला टॉमी उडो या मारेकऱ्याच्या विश्वासात शिरावयास लावतो व शेवटी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा करतो. उडो निर्दोष सुटतो, आणि निकचे कुटुंब मृत्यूच्या छायेत येते.

या कथेत विचारास वाव आहे. पण पटकथेने तो पुरता घेतलेला नाही. पहिला दोष निवेदनाचा. नेटीच्या आवाजातील निवेदन चित्रपटाच्या आरंभापासूनच निकची बाजू मांडू लागते. त्याला काम कसे मिळाले नाही, तो मुळात कसा चांगला आहे, हे प्रेक्षकाने पाहून ठरविण्याआधीच त्याला सांगितले जाते. दुसरा दोष कथेच्या मध्यावर पडलेल्या खिंडाराचा. निकच्या पत्नीची भूमिका पॅट्रिशिया मॉरिसन हिने केली होती. रिझो या साथीदाराने तिच्यावर केलेला अत्याचार आणि तिची आत्महत्या हे प्रसंग चित्रितही झाले होते. परंतु ते अंतिम चित्रपटातून वगळण्यात आले. परिणामी ज्या घटनेमुळे नायकाचे मौन सुटते ती घटना ऐकीव राहिली, आणि रिझो हे पात्र केवळ नावापुरते उरले. तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. कायद्याचा प्रतिनिधी डि’अँजेलो हा पटकथेला सर्वस्वी सज्जन हवा आहे. ब्रायन डॉनलेव्हीने ही भूमिका संयमाने केली असली, तरी त्या सज्जनपणाची परीक्षा लेखकांनी कोठेच घेतलेली नाही. यात मुलींच्या सहवासातील गोडगोड कौटुंबिक दृश्यांची भर पडते, आणि प्रत्यक्ष स्थळांच्या कठोर वास्तवाशी त्यांचा सांधा जुळत नाही.

अशा चित्रपटात विडमार्क प्रवेश करतो. त्याचा जन्म १९१४ सालचा. महाविद्यालयात वक्तृत्व व नाट्य हे विषय शिकवून तो १९३८ मध्ये नभोनाट्यांकडे वळला, आणि १९४३ मध्ये ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आला. ‘किस ऑफ डेथ’ हा त्याचा पहिलाच चित्रपट. त्याचे उंच कपाळ सुशिक्षित माणसाचे वाटते, म्हणून हॅथवे त्याला घेण्यास नाखूश होता. अखेर केसांचा टोप लावून त्याचे कपाळ लहान करण्यात आले. आहार्य अभिनयाचा हा भाग क्षुल्लक नव्हे. त्या खाली उतरलेल्या केशरेषेमुळे चेहरा आखूड होतो आणि डोळ्यांना वाजवीपेक्षा अधिक महत्त्व येते. गडद सदरा व फिकट टाय हा उडोचा पोशाख नीटनेटका आहे, पण त्यात सभ्यपणा नाही; स्वतःच्या धाकाचे त्याला वाटणारे अप्रूप त्यातून दिसते.

तथापि या भूमिकेचा प्राण वाचिकात आहे, आणि वाचिकातही शब्दांपेक्षा हास्यात आहे. भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत दोन-दोन असे वाटून दिले आहेत. उडोचे हसणे या श्रेणीत कोठे बसवावे, असा प्रश्न कोणाही अभ्यासकाला पडेल. ते अधम प्रकृतीचे आहे हे उघड आहे. पण अतिहसिताचा गडगडाट त्यात नाही. ते घशातल्या घशात फुटणारे, चोरटे, पोरकट खिदळणे आहे. शिवाय भरताच्या विवेचनात हास्याला विकृत वेष, विसंगत वर्तन असे काही विभाव लागतात, म्हणजे हसण्याला कारण लागते. उडोच्या हसण्यापूर्वी पडद्यावर हसण्याजोगे काहीच घडलेले नसते. अनुभाव आहे, विभाव नाही. आणि कारणाचा शोध घेणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात नेमकी त्या रिकाम्या जागी भीती येऊन बसते. हास्याच्या चिन्हाने भयानकाची निष्पत्ती करणे हे या अभिनयाचे वैशिष्ट्य होय. केवळ आवाजाने पात्र उभे करण्याची जी सवय नभोनाट्यात लागते, ती येथे उपयोगी पडलेली दिसते.

चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रिझोला मारण्यासाठी उडो त्याच्या घरी येतो. घरी त्याची पंगू आई चाकांच्या खुर्चीत बसलेली आहे. मुलगा बाहेर गेला आहे, परत येईल, असे ती सांगते. पण तो पळून गेल्याचे उडोच्या ध्यानात येते. तो एक दोर उपसतो, म्हातारीला खुर्चीशी बांधतो आणि खुर्चीसकट जिन्यावरून खाली लोटून देतो. मिल्ड्रेड डनॉकने आईची असहायता फारसे न बोलता दाखविली आहे. विडमार्क या प्रसंगात संतापाचा आविष्कार करीत नाही, हे महत्त्वाचे. संताप दाखविला असता तर प्रसंग रौद्राकडे झुकला असता, आणि संतापाला काही तरी कारण असते म्हणून तो काही अंशी समजूही शकला असता. येथे आहे तो एखाद्या द्वाड पोराचा उत्साह. क्रौर्य आणि करमणूक या माणसाच्या ठिकाणी एकच आहेत, हे या एका प्रसंगाने सिद्ध होते.

परंतु या प्रसंगाचे महत्त्व थरारापुरते मर्यादित नाही. उडो रिझोच्या घरी का आला, हे येथे आठवले पाहिजे. निकने तोंड उघडल्याचे टोळीला कळू नये म्हणून फितुरीचा संशय रिझोवर जाईल अशी तजवीज डि’अँजेलोने केलेली असते, आणि निक तीत सामील झालेला असतो. टोळीचा वकील हाउझर त्या संशयावर विसंबून उडोला पाठवितो. म्हणजे त्या म्हातारीच्या मृत्यूची साखळी सरकारी कचेरीतील एका युक्तीपर्यंत जाऊन पोहोचते. पटकथा या साखळीचा उच्चार करते, पण तिच्यापाशी थांबत नाही. डि’अँजेलोच्या सज्जनपणाला तिने धक्का लागू दिलेला नाही. एखाद्या सामान्य नटाने हा खून साचेबंद रीतीने केला असता, तर प्रेक्षकही न थांबता पुढे गेला असता. विडमार्कने तो विसरणे अशक्य करून ठेवले आहे. त्यानंतर डि’अँजेलोचा प्रत्येक समजूतदार शब्द जिन्याखाली पडलेल्या त्या खुर्चीच्या पार्श्वभूमीवर ऐकू येतो. कायदा माफीच्या साक्षीदाराला आमिषासारखा वापरतो, आणि त्या वापराची किंमत तिसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते, हा पटकथेने झाकलेला विचार अभिनयाने उघडा पडतो.

हीच गोष्ट उत्तरार्धाबद्दल म्हणता येईल. उडो निर्दोष सुटल्यानंतर निक कुटुंबाला बाहेरगावी धाडतो आणि अंधाऱ्या घरात वाट पाहत बसतो. या भागात उडो पडद्यावर नाही. तरी प्रत्येक आवाजाला जो अर्थ येतो तो पूर्वी ऐकलेल्या हास्यामुळे. व्हिक्टर मॅच्युअरलाही याचा लाभ झाला आहे. हा नट जड, संथ आणि मितभाषी आहे. पूर्वार्धात निवेदनाच्या आधाराने उभा राहिल्यामुळे त्याचे हे संथपण निष्क्रिय वाटते. पण उडोच्या चंचल, बडबड्या सलगीसमोर तेच संथपण सहनशीलतेचे रूप घेते. मुष्टियुद्धाचा सामना व रात्रीची करमणूकगृहे यांतून उडो निकला मित्र म्हणून मिरवीत हिंडवितो, तेव्हा मॅच्युअरच्या स्थिर चेहऱ्यावर किळस आणि भय एकाच वेळी दिसू लागतात. समोरच्या नटाचे गुण प्रकट करणाऱ्या अभिनयाला ‘भाव खाऊन गेला’ हा शेरा लावणे अन्यायाचे होईल.

मराठी नाट्यवाचकाला येथे गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) तळीरामाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तोही दुय्यम, तोही हसरा, आणि तोही दुसऱ्याच्या सर्वनाशाला कारण होणारा. परंतु दोघांतील भेद बोधप्रद आहे. तळीराम हा सुधाकराच्या अधःपाताच्या बीजाशीच बांधलेला आहे. त्याचा विनोद नाटककाराने रचलेला असून तो शोकात्म घटनेच्या आत राहतो. उडोला असा आधार पटकथेने दिलेला नाही. त्याचा पूर्वेतिहास नाही, त्याच्या दुष्टपणाचे स्पष्टीकरण नाही. गडकऱ्यांच्या नाटकात रचनेने नटाला उचलून धरले आहे. हॅथवेच्या चित्रपटात नटाने रचनेला उचलून धरले आहे.

या उचलण्याला मर्यादा आहेत, हेही नमूद केले पाहिजे. वगळलेल्या प्रसंगांनी पडलेले खिंडार कोणताही नट भरू शकत नाही. निकच्या पत्नीचे दुःख प्रेक्षकाला कधीच भेटत नाही. त्यामुळे एका स्त्रीचा मृत्यू कायमचा मनात राहतो आणि दुसरीचा केवळ माहिती म्हणून उरतो. शेवटही तडजोडीचा आहे. निक जाणूनबुजून उडोच्या गोळ्यांसमोर जातो, पोलिसांच्या हातून उडो कोसळतो, आणि निवेदन पुन्हा येऊन सारे काही ठीक झाल्याचा दिलासा देते. चित्रपटाने स्वतःच उभे केलेले भय तो या दिलाशाने मिटवू पाहतो. ते मिटत नाही.

बाह्य यशाचा इतिहासही उद्बोधक आहे. या भूमिकेसाठी विडमार्कला ऑस्कर पारितोषिकाचे नामांकन मिळाले. पारितोषिक मात्र ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’मध्ये नाताळबाबा रंगविणाऱ्या एडमंड ग्वेनला गेले. गोल्डन ग्लोबच्या निर्णायकांनी विडमार्कला उदयोन्मुख नट म्हणून गौरविले. चित्रपटधंद्याने या भूमिकेतील हास्य तेवढे उचलले, आणि ‘द स्ट्रीट विथ नो नेम’ व ‘रोड हाऊस’ (दोन्ही १९४८) यांत त्याला पुन्हा त्याच जातीची कामे दिली. ‘पॅनिक इन द स्ट्रीट्स’मध्ये (१९५०) सार्वजनिक आरोग्यखात्यातील डॉक्टरची भूमिका मिळेपर्यंत हा शिक्का पुसट झाला नव्हता. १९९५ मध्ये बार्बेट श्रोडरने याच नावाने काढलेल्या नव्या आवृत्तीत निकोलस केजच्या खलपुरुषाला अवाढव्य ताकद व दम्याचा विकार अशी ठळक लक्षणे बहाल केली आहेत. त्यात विक्षिप्तपणा दिसतो. पण त्या विक्षिप्तपणामुळे सरकार पक्षाच्या नीतीकडे पाहण्याची दृष्टी बदलत नाही. लक्षणांची नक्कल करता येते. पात्राचे रचनेतील स्थान मात्र नकलेने साधत नाही.

यावरून दुय्यम भूमिकेच्या मूल्यमापनाची एक कसोटी निष्पन्न होते. तिने व्यापलेला वेळ, मिळविलेली वाहवा किंवा मुख्य नटावर केलेली मात यांनी तिचे श्रेष्ठत्व ठरत नाही. तिच्या अनुपस्थितीतील प्रसंगांवर तिचा काय परिणाम होतो, आणि लेखकाने टाळलेला प्रश्न ती प्रेक्षकासमोर आणते का, हे पाहिले पाहिजे. ‘किस ऑफ डेथ’ हा आजही विषम गुणांचाच चित्रपट आहे. त्याला गुन्हेगाराच्या सुधारणेची आणि कायद्याच्या औदार्याची कथा सांगावयाची होती. विडमार्कच्या अभिनयामुळे ती त्या औदार्याच्या किमतीचीही कथा झाली, आणि म्हणूनच ती अभ्यासास पात्र ठरते.