'अकुसीद' : योगसाधनेतील अपेक्षेचा एक विचार

योगसाधनेविषयी मराठीत होणाऱ्या व्याख्यानांतून एक उपदेश हटकून ऐकावयास मिळतो : साधना करावी, परंतु तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. हा उपदेश इतका अंगवळणी पडला आहे की, पातंजल सूत्रांचा त्याला आधार किती, हे तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. पदव्युत्तर वर्गात सूत्रांतील पारिभाषिक संज्ञा शिकवीत असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, अपेक्षाच नसेल तर पहाटे उठून बसायचे कशासाठी?" वर्ग हसला, प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मुख्यतः शब्दांच्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम 'अपेक्षा' हाच शब्द घेऊ. 'ईक्ष्' धातूस 'अप' हा उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. शास्त्रीय संस्कृतात त्याचा अर्थ बहुधा 'एका गोष्टीस दुसरीची असणारी गरज' असा असतो. ज्या पदाचा अर्थ दुसऱ्या पदावाचून पुरा होत नाही, त्याला वैयाकरण 'सापेक्ष' म्हणतात. त्यात लोभाचा वा दोषाचा लवलेश नाही. योगसूत्रांच्या चौथ्या पादात (४.१७) हे पद येते तेही याच अर्थाने : वस्तू ज्ञात होण्यासाठी चित्ताला तिच्या उपरागाची अपेक्षा असते, इतकेच तेथे सांगावयाचे आहे. मराठीत मात्र या शब्दाला एक निराळाच घाट आला आहे. 'घर बांधण्याची इच्छा' म्हटले की ती इच्छा करणारा एकटा पुरतो. 'मुलाकडून घर बांधण्याची अपेक्षा' म्हटले की दुसरा माणूस उभा राहतो, आणि तो जणू काही देणे लागत असतो. 'साधनेकडून अपेक्षा' या प्रयोगातील 'कडून' हा शब्द साधनेला अशीच ऋणको करून सोडतो. ('ठेव' आणि 'अपेक्षा ठेवणे' यांची सांगड घालण्याचा मोह होतो, पण आपण विश्वासही ठेवतो आणि नावेही ठेवतो, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.) त्याच धातूपासून झालेल्या 'उपेक्षा' या शब्दाची गतही अशीच. सूत्रांत (१.३३) मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या पंक्तीला बसलेली ही चित्तप्रसादनाची वृत्ती मराठीत केवळ हेळसांड होऊन राहिली आहे.

सूत्रकारांनी दोष म्हणून ज्यांची नावे घेतली आहेत ते शब्द वेगळे आहेत : राग, तृष्णा, सङ्ग. यांपैकी रागाचे लक्षण (२.७) मननीय आहे. पूर्वी भोगलेल्या सुखाच्या मागोमाग येतो तो राग. भाष्यकार व्यास तेथे सुखाच्या स्मृतीचा स्पष्ट उल्लेख करतात. म्हणजे, ज्याला समाधीचा अनुभवच नाही अशा नवख्या साधकाला समाधीविषयी या अर्थाने 'राग' असूच शकत नाही. त्याच्यापाशी असते ती ऐकीव आशा. वैराग्याच्या व्याख्येत (१.१५) दृष्ट विषयांबरोबर 'आनुश्रविक', म्हणजे ऐकून माहीत झालेल्या विषयांचीही तृष्णा गणली आहे, हे खरे. परंतु तेथे वर्णिले आहे ते वशीकारापर्यंत पोहोचलेले वैराग्य. ती प्रवेशाची अट म्हणून सांगितलेली नाही.

उलट, सूत्रे फळांची आश्वासने देण्यात मुळीच हात आखडता घेत नाहीत. दुसऱ्या पादात (२.३५ ते २.४५) प्रत्येक यमाचे आणि नियमाचे फळ सांगितले आहे, जो चोरी करीत नाही त्याच्यापुढे सर्व रत्ने येऊन उभी राहतात, असेही तेथे आहे! तिसऱ्या पादाचा मोठा भाग विभूतींना दिलेला आहे. ही केवळ अर्थवादात्मक स्तुती होय, असे कोणी म्हणेल. तसे मानले तरी शास्त्राने साधकाच्या आशेचाच साधन म्हणून उपयोग केला, हे कबूल करावे लागते. पहिल्या पादात तर तीव्र 'संवेग' असणाऱ्यांना समाधी जवळ असल्याचे म्हटले आहे (१.२१), आणि संवेग म्हणजे काही थंडपणा नव्हे. ज्ञानदेवांनीही सहाव्या अध्यायात कुंडलिनीजागृतीने देहाचा होणारा पालट मूळ गीतेच्या कितीतरी पलीकडे जाऊन, रंगून वर्णिला आहे. त्याच अध्यायात अर्जुन उघडच विचारतो की, योग अर्ध्यावर सुटला तर त्या माणसाचे काय होते? कर्मफलाचा संग सोडावयास सांगणारे श्रीकृष्ण येथे त्याला अपेक्षेबद्दल दोष देत नाहीत. केलेले वाया जात नाही, असा भरवसा देतात.

मग निषेध येतो तो कोठे? सिद्धी समाधीत उपसर्ग ठरतात (३.३७), त्यांविषयीही वैराग्य हवे (३.५०), आणि उच्च स्थानांवरील देवतांचे निमंत्रण आले असता 'सङ्ग' व 'स्मय' दोन्ही टाळावेत (३.५१), अशी सूचना तिसऱ्या पादात आहे. (आवृत्त्यांनुसार हे क्रमांक एखाद्याने पुढेमागे होतात.) या इशाऱ्यांचा रोख फळ लाभल्यावर त्याला चिकटून राहण्यावर आणि त्याचा ताठा मिरवण्यावर आहे, न मिळालेल्या फळाच्या आशेवर नाही.

आता ज्या शब्दासाठी हा लेखनप्रपंच केला, तो 'अकुसीद'. धर्ममेघ समाधीच्या सूत्रात (४.२९) तो येतो. 'प्रसंख्यान' म्हणजे विवेकज्ञानाची परिसीमा. तिच्याविषयीही जो 'अकुसीद' आहे, त्याला ही समाधी लाभते. या पदाचा अर्थ 'विरक्त' वा 'निरिच्छ' असा देऊन पुढे जाण्याची वहिवाट आहे. पण 'कुसीद' हा सावकारीतला शब्द आहे. धर्मशास्त्रात वैश्याच्या वृत्तींत कृषी, वाणिज्य आणि पशुपालन यांच्या जोडीला कुसीद, म्हणजे व्याजबट्टा, सांगितला आहे. पाणिनी (४.४.३०-३१) कुसीदावर पैसे देणाऱ्याचे नाव सिद्ध करतो ते 'गर्ह्य', म्हणजे निंद्य, देण्याच्या अर्थी; शब्दाला त्या काळीही वास होताच. पालीतील 'कुसीत' म्हणजे आळशी, हे ध्यानी घेऊन 'अकुसीद' म्हणजे 'निरलस' असा अर्थ कोणी सुचवील. तथापि अशा साधकाला प्रसंख्यानापासूनही काही नको असते, असे व्यास म्हणतात. आळसाचा अर्थ तेथे बसत नाही. शिवाय 'प्रसंख्यान' हा शब्दही मुळात मोजदादीचा आहे. पुरता हिशेब झाला आणि तरीही व्याज घेतले नाही, असे हे चित्र आहे. सूत्रकाराच्या मनात ते होते की नाही, हे सिद्ध करता येणार नाही. मला ते दिसते, एवढेच म्हणतो.

या चित्रात मुद्दल कोणी टाकून देत नाही. दीर्घकाल, खंड न पाडता आणि आदराने केलेला अभ्यास (१.१४) हे ते मुद्दल, त्याच्यावर व्याज आकारावयाचे नाही, एवढेच. शिवाय व्याज सोडण्याचा प्रश्न ज्याच्यापाशी मुद्दल साठले आहे त्याच्यापुढेच उभा राहतो. म्हणूनच हा शब्द १९५ सूत्रांच्या ग्रंथात अगदी अखेरीस, समाप्तीला पाच सूत्रे उरली असता येतो.

हा क्रम उलटा केला की काय होते? पाठदुखीने त्रस्त झालेला मनुष्य आसने शिकावयास जातो, वर्ष घालवितो, आणि पाठ होती तशीच राहते. त्यावर त्याला ऐकविले जाते : तुम्ही अपेक्षा धरलीत, म्हणून गुण आला नाही. हा युक्तिवाद कधीच खोटा ठरू शकत नाही. गुण आला तर श्रेय पद्धतीचे, न आला तर दोष शिष्याच्या मनाचा. प्रसंख्यानाच्या टोकावरील योग्यासाठी घडविलेला शब्द येथे शिक्षकाचे उत्तरदायित्व झाकण्याच्या कामी येतो, आणि आधीच त्रासलेला मनुष्य स्वतःला लोभीही समजू लागतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून यौगिक क्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगाने तपासण्याचा मार्ग धरला. त्या मार्गावर योगाचे सारे मर्म सापडते, असे माझे म्हणणे नाही. पण तेथे फळाविषयीचे विधान चुकूही शकते, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळते.

वर्गातील त्या विद्यार्थिनीला मी 'अकुसीद' शब्द फोडून दाखविला, तेव्हा तिने लगेच मराठी प्रतिशब्द मागितला. मी 'निर्व्याज' सुचविला. संस्कृतात 'व्याज' म्हणजे बहाणा, कपट. म्हणून 'निर्व्याज प्रेम' म्हणजे निष्कपट प्रेम. मराठीत 'व्याज' सावकाराकडे गेले, 'निर्व्याज' मात्र जुन्या घरीच राहिले. संस्कृतज्ञ या योजनेस आक्षेप घेतील, आणि तो रास्त असेल. मराठी कानाला मात्र त्या एका शब्दात दोन्ही अर्थ ऐकू येतात. भाषांतरात तो चालवून पाहावा, असे अजूनही वाटते.