बालपणाच्या आठवणी : खेडे, शहर आणि दौंड

मराठी आत्मपर गद्यात बालपणाच्या आठवणी हा वाचकाला विशेष प्रिय असलेला भाग आहे. आणि कदाचित त्यामुळेच तो फारसा तपासला जात नाही. वाचक त्यांच्याकडे जिव्हाळ्याने पाहतो आणि समीक्षकही बहुधा तोच जिव्हाळा पुढे चालवितो. प्रस्तुत टिपणात या आठवणींच्या घडणीविषयी एक प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. धड खेडे नव्हे आणि धड शहरही नव्हे, अशा वस्तीत गेलेले बालपण सांगण्यास आपल्या परंपरेत कोणती रीत उपलब्ध आहे? अशा वस्तीचे उदाहरण म्हणून येथे दौंड घेतले आहे.

दौंड हे भीमेच्या काठचे तालुक्याचे गाव. परंतु त्याचे आजचे रूप लोहमार्गाने घडविले. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मार्ग आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा मार्ग येथे एकत्र येतात. बारामतीचा फाटाही येथूनच निघतो. मनमाडहून पुण्यास जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन येथे काढून दुसऱ्या टोकास जोडावे लागे. अलीकडे जोडमार्ग झाल्यापासून अनेक गाड्यांपुरती ही गरज उरलेली नाही. रेल्वेच्या नोकरीने निरनिराळ्या प्रांतांतील, धर्मांतील व भाषांतील कुटुंबे येथे आणली. अशा वसाहतीतील मुलाचे घर वडिलांच्या मालकीचे नसते, ते नोकरीबरोबर मिळालेले क्वार्टर असते. घरातील जेवणाची वेळ सूर्यावर ठरत नाही, पाळीवर ठरते. शेजार कायमचा नसतो. तो बदलीच्या हुकुमाने बदलतो. आणि तरीही वसाहतीबाहेर पडताच शेते लागतात, आठवड्याचा बाजार लागतो, आणि त्या बाजारात आलेला खेड्यातील मुलगा या मुलाला परका समजतो.

आता आपल्या परिचित ग्रंथांकडे वळू. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तेथे प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री आपले बालपण सांगतो. निवेदनाची ही योजनाच आठवणींची निवड करते. जे संस्काररूपाने सांगता येईल तेच आठवते. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) संस्काराची जागा शिक्षणासाठी चाललेल्या झगड्याने घेतली आहे. या दोन ग्रंथांची प्रकृती अगदी भिन्न आहे; परंतु दोहोंत एक गोष्ट समान आहे. पालगड असो वा कागल, मूळ गाव हा स्थिर बिंदू आहे. मूल तेथून निघते, आणि आठवण तेथे परत येते. जंक्शनच्या गावातील मुलाला हा स्थिर बिंदू मिळत नाही. वडील निवृत्त झाले की क्वार्टर सुटते. परत जावयाचे तर कोठे?

मात्र परंपरेत दुसरीही एक वाट आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक येतो. तो जाच घरातील सर्वांनी सोसलेला आहे. तरीही त्यातून बोध काढण्याची घाई लेखिका करीत नाही. मुलीचा अनुभव आणि वृद्धेचे हसू ही दोन्ही वाक्यात एकत्र नांदतात. दया पवारांच्या ‘बलुतं’त (१९७८) हे अंतर उघडच मांडले आहे : दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. येथील बालपण मुंबईचा कावाखाना आणि गावचा महारवाडा यांत विभागलेले आहे, आणि यांपैकी कोणत्याही जागेला लेखक सुरक्षित मूळ मानीत नाही. दौंडसारख्या गावाच्या आठवणींना आधार मिळावयाचा तर तो या दोन ग्रंथांतून मिळेल, असे आम्हांस वाटते.

या संदर्भात उत्तर इंग्लंडमधील औद्योगिक वस्त्यांच्या आठवणींचा विचार उपयुक्त ठरेल. रिचर्ड हॉगर्ट यांचा ‘द यूजेस ऑफ लिटरसी’ (१९५७) हा ग्रंथ लीड्सच्या हन्स्लेट भागातील त्यांच्या बालपणावर उभा आहे. स्वयंपाकघर, गल्ली, शेजाऱ्यांची बोलण्याची ढब यांच्या तपशिलांतून ते एका वर्गाचे जीवन उलगडतात. परंतु त्यांनी जुन्या वस्तीला अधिक ऊब दिली, असा आक्षेप अनेकांनी घेतला. रॉबर्ट रॉबर्ट्स यांचा ‘द क्लासिक स्लम’ (१९७१) त्या उबेवर उत्तम उतारा आहे. सॅल्फर्डमध्ये त्यांच्या आईवडिलांचे कोपऱ्यावरचे दुकान होते. कोणाला उधारी द्यावयाची आणि कोणाला नाही, यावरून गरिबांच्या गल्लीतही प्रतिष्ठेच्या पायऱ्या कशा असतात, हे त्यांनी दाखविले. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या घरांतील उतरंड मुलांना बरोबर कळलेली असते. रेल्वे वसाहतीतही क्वार्टरचा प्रकार पाहून वडिलांचा हुद्दा ओळखता येतो. कोणाच्या अंगणात खेळावयास जावयाचे आणि कोणाच्या नाही, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयप्रकाराच्या वर्गीकरणाचा नाही. दौंड, शिरूर यांसारख्या गावांतून अनेक विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासासाठी पुण्यास येतात. स्वतःविषयी लिहिण्याची वेळ आली की नदी, आजीचे घर, गावची जत्रा अशी चित्रे त्यांच्या हाताशी तयार असतात. कारण वाचनाने तीच पुरविलेली असतात. आपण अध्यापकही ‘मातीचा वास’ हा गुण मानून त्यांस दाद देतो. मग रात्रपाळीहून परतलेल्या वडिलांची झोपमोड होऊ नये म्हणून दिवसभर दबक्या आवाजात खेळलेले बालपण लिहावयाचे राहून जाते. ते लिहिण्याजोगे आहे, असे त्या लेखकालाच वाटत नाही. येथे हानी लेखकाची होते, तशीच समाजाच्या स्वतःविषयीच्या ज्ञानाचीही होते.

म्हणून बालपणाच्या आठवणी तपासताना त्या किती हृद्य आहेत, एवढेच पाहून भागणार नाही. आठवणारा प्रौढ आणि अनुभवणारे मूल यांतील अंतर लेखकाने राखले आहे काय, आणि वस्तीचे तपशील त्या वस्तीचेच आहेत की दुसऱ्या पुस्तकातून आले आहेत, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतील. दौंडचे बालपण दौंडसारखे लिहिले जावे, अशी अपेक्षा बाळगावयाची असेल, तर ते ओळखण्याची तयारी प्रथम समीक्षेने केली पाहिजे.