खताच्या ढिगाचा हिशेब

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की सर अल्बर्ट हॉवर्ड हे नाव हटकून येते. १९४० साली निघालेले त्यांचे ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या मंडळींत जवळजवळ पोथीसारखे वाचले जाते. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९३१ मध्ये, ऑक्सफर्डने छापलेले ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’ मात्र फारसे कोणी उघडत नाही. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे होळकरांच्या इंदुरातील इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत रसायनशास्त्राचे काम पाहत. या दोन पुस्तकांत सरस आहे ते आधीचे, असे माझे मत आहे. मातीत कर्ब साठवून हवामान सावरण्याची जी भाषा आज आयर्लंडपासून विदर्भापर्यंत ऐकू येते, ती पारखायला तेच अधिक उपयोगी पडते.

१९३१ चे पुस्तक म्हणजे कामाची वही आहे. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडायच्या. त्यांत काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख मिसळायची. ढीग तीनदा उलटायचा. सुमारे ९० दिवसांत खत तयार. सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ असावे, शेवटी ते १० ला १ च्या जवळ येते, हेही त्यात दिले आहे.

आता हे आकडे जमाखर्चासारखे वाचून पाहू. नत्र तेवढेच राहिले असे धरले, तर ३३ भाग कर्बापैकी २३ भाग, म्हणजे सुमारे ७० टक्के, कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेले. यात पद्धतीचा दोष काहीच नाही. ढीग तापतो तो सूक्ष्मजीवांनी कर्ब खाल्ल्यामुळेच. पण ज्याला आपण ‘कर्बाची तिजोरी’ म्हणतो, तिच्यातून दारातच दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम खर्च होते, हे इंदूरच्याच आकड्यांवरून कळते.

१९४० च्या पुस्तकात ही शिस्त सैल होते. पिकांचे रोग, जनावरांचे आरोग्य, माणसांचे आरोग्य, सगळ्यांचे उत्तर ह्यूमस! शैली प्रभावी आहे, पण प्रयोगक्षेत्रांवरील तुकड्या-तुकड्यांच्या चाचण्यांची हॉवर्ड खिल्ली उडवतात, रॉथॅमस्टेडलाही सोडत नाहीत. गंमत अशी की त्यांच्या बाजूचा भक्कम पुरावा तिथेच आहे. १८४३ मध्ये सुरू झालेल्या ब्रॉडबाल्क प्रयोगात शेणखताच्या तुकड्यातील कर्ब बिनखताच्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक झाला. पण त्यासाठी दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत घालावे लागले, आणि पहिल्या काही दशकांनंतर वाढ मंदावली. एवढे खत एका शेतात घालायचे, तर वैरण-काड कुठल्या तरी दुसऱ्या जमिनीतून येणार. तो कर्ब नवा नव्हे, जागा बदललेला.

आयर्लंडमध्ये ही बाब जास्त ठळक दिसते. येथील सुमारे २० टक्के जमीन पीटची आहे आणि देशाच्या मातीतील कर्बापैकी अंदाजे तीन चतुर्थांश तिच्यातच आहे. पाणी काढून टाकलेले बॉग वर्षानुवर्षे कर्ब सोडत राहते. बोर्द ना मोनाने २०२१ मध्ये पीट काढणे थांबवल्याचे जाहीर केले, ते हवामानाच्या दृष्टीने कित्येक कंपोस्टच्या ढिगांहून मोलाचे. देशाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३८ टक्के शेतीतून येतात. त्यांत मुख्य वाटा गुरांच्या मिथेनचा आणि खत-शेणातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा. २०३० पर्यंत १० टक्के शेतजमीन सेंद्रिय करण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे. त्यातला खात्रीचा फायदा कृत्रिम नत्रखत टळण्याचा आहे.

महाराष्ट्रातील गोष्ट वेगळी. तिथे माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असला की ‘कमी’ असा शेरा येतो, आणि उष्ण हवेत तो झपाट्याने जळतो. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या ३० सेंटिमीटर थरात सुमारे ३,९०० टन माती धरली, तर ०.१ टक्का वाढ म्हणजे जेमतेम ४ टन कर्ब. हवामानाच्या खात्यात ही रक्कम किरकोळ, आणि खत थांबले की हळूहळू परत जाणारी. शेतकऱ्याच्या खात्यात मात्र ती मोठी : माती भुसभुशीत राहते, ओल टिकते, खताचे बिल उतरते.

ही दोन खाती वेगळी ठेवायला हवीत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कार्बन शेतीच्या प्रमाणपत्रांची चौकट मंजूर केली. भारतातही शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटचे आमिष दाखवले जाते. आपल्यापैकी अनेकांची गावाकडे चार-दोन एकर जमीन आहे, भाऊ किंवा पुतण्या ती कसतो, आणि सल्ला आपल्याला विचारतो. अशा योजनेवर सही करण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारायला सांगावे. हे काड कुठून येणार? इथे आणले नसते तर त्याचे काय झाले असते? आणि पैसे थांबल्यावर खत घालणे चालू राहील का? पऱ्हाट्या बांधावर पेटवल्या जात असतील, तर त्या मातीत जाणे हा खरा लाभ आहे. शेजाऱ्याचे शेणखत विकत घेऊन दाखवलेली वाढ तशी नव्हे. आणि पावती कोणाला मिळो न मिळो, खत घालावेच. पण ते पिकासाठी.