अक्षरांची जुळणी आणि बुद्धीची मोजणी

'खालील अक्षरांपासून अर्थपूर्ण शब्द तयार करा व त्याचे मधले अक्षर सांगा' हा प्रश्न शिष्यवृत्ती व प्रवेश परीक्षांच्या सराव-पुस्तकांत 'बुद्धिमत्ता चाचणी' या सदराखाली हमखास भेटतो. मुलांना तो आवडतो, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा आक्षेप सदराच्या नावाला आणि एकच उत्तर बरोबर धरण्याच्या रीतीला आहे.

क, म, ल ही अक्षरे घ्या. त्यांच्या ३ × २ × १ = ६ मांडण्या होतात. पैकी 'कमल' आणि 'कलम' दोन्ही अर्थपूर्ण आहेत. मग मधले अक्षर म की ल? उत्तरसूचीत एकच छापले असेल, तर दुसरा शब्द शोधणाऱ्याचा गुण जातो. कलम म्हणजे लेखणी, झाडाचे कलम की कायद्याचे, हे तर कुणी विचारतच नाही.

अर्थ लागला म्हणजे उत्तर सापडले, असे नव्हे. १६१० साली गॅलिलिओने शनीविषयीचा आपला शोध अक्षरे विस्कटून कळवला. केप्लरने ती जुळवली आणि मंगळाला दोन चंद्र असल्याचा अर्थ काढला. गॅलिलिओला सांगायचे होते ते वेगळेच : सर्वांत दूरचा ग्रह तिहेरी दिसतो. मंगळाचे दोन चंद्र १८७७ मध्ये खरोखरच सापडले. पण तो योगायोग. केप्लरची बुद्धी कमी होती, असे कोण म्हणेल?

आता छत्रपती संभाजीनगरचे जुने नाव पाहा : औ, रं, गा, बा, द. मांडण्या १२०. सुटा 'औ' मराठी शब्दात बहुधा आरंभी येतो, हे ध्यानात आले की २४ उरतात. दौलताबाद, खुलताबाद ही नावे कानावरून गेलेल्या मुलाला शेवटचे 'बाद' दिसते आणि उरतात फक्त २. म्हणजे १२० वरून २ वर आणण्याचे बरेचसे काम ओळखीने केले. ज्या मुलाच्या घरी उर्दू किंवा बंजारा बोली बोलली जाते, त्याची मराठी शब्दांशी ओळख कमी असू शकते. त्याचे कमी गुण 'बुद्धिमत्ता' या शीर्षकाखाली नोंदवणे हा अन्याय आहे. ही चाचणी मुख्यतः शब्दसंग्रहाची आहे. तिला तसेच म्हणावे.

मग हा प्रश्न टाकून द्यावा का? मुळीच नाही. त्यातला विचार करण्याजोगा भाग उत्तरात नसून गाळणीत आहे. पै, ठ, ण यांच्या ६ मांडण्या फळ्यावर लिहा. 'ण'ने मराठी शब्द सहसा सुरू होत नाही. २ मांडण्या बाद. क, वि, ता घ्या. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहितात ('आणि', 'नि' असे अपवाद सोडून), म्हणून 'वि' शेवटी येणार नाही. पुन्हा २ बाद. कोणती मांडणी का अशक्य, हे मुलांनी सांगावे. नंतर 'गाजर'मधला काना तसाच ठेवून ग आणि ज यांची अदलाबदल करायला सांगा : 'जागर' मिळतो. अक्षर आणि वर्ण यांतला फरक व्याख्येवाचून कळतो.

शिक्षकांना आमची सूचना तीन ओळींची आहे. जुळतील तितके सगळे शब्द मागा. प्रत्येकाचा अर्थ वाक्यात वापरून घ्या. आणि बाद केलेल्या मांडणीचे कारण सांगणाऱ्यालाही गुण द्या.